एकच तोफ आधी ४५ कोटींची, मग ७६ कोटींची कशी? हजिऱ्याच्या कारखान्यावरून समजून घेऊ ‘गती’चा हिशेब

सुरत/नवापूर : सुरतजवळच्या हजिरा इथं लार्सन अँड टुब्रोच्या कारखान्यात ‘के-९ वज्र’ ही तोफ तयार होते. या तोफेसाठी सरकारनं आतापर्यंत दोन करार केले. पहिला मे २०१७चा, १०० तोफांसाठी सुमारे ४,५०० कोटी रुपयांचा. दुसरा २० डिसेंबर २०२४चा, पुन्हा १०० तोफांसाठी, ७,६२८.७० कोटी रुपयांचा. सरळ भागाकार केला तर पहिल्या वेळी एक तोफ ४५ कोटींना पडली, दुसऱ्या वेळी ७६ कोटींना.

कारखाना तोच, कंपनी तीच, तोफही जवळपास तीच. मग एवढा फरक कसा? हा आकडा ऐकला की कुणी ‘महागाई’ म्हणतो, कुणी ‘खाल्ले असतील’ म्हणून मोकळा होतो. महागाई आहेच. पण हत्यारांच्या किमतीत आणखी एक गोष्ट असते, तिच्याबद्दल आपल्याकडे फारसं बोललं जात नाही. ती म्हणजे कारखान्यातून माल किती वेगानं बाहेर पडतो. वर्षाला १० तोफा काढायच्या की ५०, यावर एका तोफेची किंमत बदलते. आणि हा वेग कंपनी एकटी ठरवत नाही. तो बराचसा दिल्लीतून, ऑर्डर आणि बजेटमधून ठरतो.

नंदुरबार, नवापूर, धुळ्याहून रोज माणसं सुरतेत कामाला जातात. हजिऱ्याचा पट्टा आपल्याला परका नाही. म्हणून हा विषय तिथूनच समजून घेऊ.

आधी तोफेची ओळख

के-९ वज्र ही रणगाड्यासारखी पट्ट्यांवर चालणारी, स्वतःच्या इंजिनावर पळणारी १५५ मिलिमीटरची तोफ. वजन सुमारे ५० टन. मूळ डिझाइन दक्षिण कोरियाच्या हान्वा कंपनीचं. पहिल्या करारात १० तोफा कोरियातून सुट्या भागांत यायच्या आणि ९० हजिऱ्यात बनवायच्या, असं ठरलं. नोव्हेंबर २०१८मध्ये नाशिकजवळच्या देवळाली इथं तत्कालीन संरक्षणमंत्री निर्मला सीतारामन यांच्या हस्ते ही तोफ लष्करात दाखल झाली. तेव्हा सांगितलेलं वेळापत्रक असं होतं : १० तोफा त्याच महिन्यात, पुढच्या ४० नोव्हेंबर २०१९पर्यंत आणि शेवटच्या ५० नोव्हेंबर २०२०पर्यंत.

१९ जानेवारी २०१९ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी हजिऱ्यातल्या चिलखती वाहनांच्या नव्या संकुलाचं उद्घाटन केलं. १६ जानेवारी २०२० रोजी राजनाथ सिंह यांनी ५१व्या तोफेला हिरवा झेंडा दाखवला. आणि १८ फेब्रुवारी २०२१ रोजी तत्कालीन लष्करप्रमुख जनरल मनोज नरवणे यांनी १००व्या तोफेला.

आता हे दोन दिनांक लक्षात ठेवा. ५१व्या आणि १००व्या तोफेत १३ महिन्यांचं अंतर. म्हणजे १३ महिन्यांत ४९ तोफा, तेही मधे कोरोनाचं लॉकडाउन असताना. महिन्याला जवळपास चार, वर्षाच्या हिशेबानं ४५. ही झाली हजिऱ्याच्या लाइनची गती. पुढचं सगळं याच आकड्याभोवती फिरणार आहे.

लूमवाल्याला हे आधीच माहीत आहे

उधना, पांडेसरा, लिंबायत भागात ज्यांनी यंत्रमागावर काम केलंय त्यांना यातली अर्धी गोष्ट सांगायची गरज नाही. समजा एका शेडमध्ये २४ लूम आहेत. शेडचं भाडं, कर्जाचा हप्ता, मास्टरचा पगार, वॉचमन, लाइटचा ठरावीक आकार, हे सगळं महिन्याला लागतंच. दोन पाळ्या चालवा, एक चालवा, नाहीतर मंदीत आठवड्यातून तीनच दिवस चालवा. सूत आणि कारागिराची मजुरी मात्र जेवढं कापड निघेल तेवढीच लागते.

आता दोन पाळ्यांऐवजी एकच पाळी चालली तर भाड्याचा आणि हप्त्याचा बोजा निम्म्या मीटरवर पडतो. सूत महाग झालं नाही, मजुरी वाढली नाही, तरी मीटरमागे खर्च वाढला. ऊस कमी आला आणि गाळप हंगाम लवकर आटोपला की साखर कारखान्याचं हेच होतं. बॉयलर तोच, कायम कामगार तेच, पोती कमी.

तोफेच्या कारखान्यात हा ठरावीक खर्च फार मोठा असतो. अवजड यंत्रं, जिग-फिक्स्चर, चाचणीचा ट्रॅक, सुरक्षा, वेल्डिंगचे प्रमाणपत्रधारक कामगार, गुणवत्ता तपासणारे इंजिनिअर. शिवाय यातली बरीच यंत्रं त्या एकाच कामाची असतात. लूमवर आज साडी, उद्या ड्रेस मटेरियल चालेल. तोफेच्या बुरुजासाठी केलेल्या फिक्स्चरवर दुसरं काही चढत नाही.

आकड्यात बघू

खालचे आकडे केवळ समजण्यासाठी धरलेले आहेत, हजिऱ्याचे नाहीत. धरा, एका तोफ कारखान्याचा ठरावीक खर्च वर्षाला ३०० कोटी. आणि प्रत्येक तोफेला लागणारा माल, सुटे भाग, मजुरी मिळून ३० कोटी. लष्कराला एकूण १०० तोफा हव्यात.

• वर्षाला ३० तोफा : ठरावीक खर्च तोफेमागे १० कोटी. एकूण ४० कोटी. १०० तोफा ४,००० कोटींत, सुमारे तीन वर्षं चार महिन्यांत.

• वर्षाला २० तोफा : ठरावीक खर्च १५ कोटी. एकूण ४५ कोटी. १०० तोफा ४,५०० कोटींत, पाच वर्षांत.

• वर्षाला १० तोफा : ठरावीक खर्च ३० कोटी. एकूण ६० कोटी. १०० तोफा ६,००० कोटींत, दहा वर्षांत.

तोफा तेवढ्याच. पण हळू घेतल्या तर २,००० कोटी जास्त. ३०च्या गतीनं त्या २,००० कोटींत आणखी ५० तोफा आल्या असत्या.

आता यातला सापळा बघा. वर्षाला ३० तोफा घेतल्या तर सरकारला दरवर्षी १,२०० कोटी द्यावे लागतात. १० घेतल्या तर फक्त ६००. ज्या वर्षी बजेट तंग आहे त्या वर्षी फाइल हातात असलेल्या अधिकाऱ्याला दुसरा पर्याय गोड वाटतो. ‘ऑर्डर रद्द करत नाही, फक्त लांबवतो.’ त्या वर्षी ६०० कोटी वाचले असं कागदावर दिसतं. बिल मात्र पुढच्या वर्षांत फुगत जातं, आणि तोवर खुर्चीत दुसरा कुणीतरी बसलेला असतो.

हा रोग फक्त आपला नाही. अमेरिकेत १९८०च्या दशकात हत्यारांच्या ऑर्डरी अशाच ताणल्या गेल्या. १९८७ साली तिथल्या संसदेच्या अर्थसंकल्प कार्यालयानं या ताणण्याचा खर्च आणि वेळापत्रकावर काय परिणाम होतो यावर स्वतंत्र अहवालच काढला.

संख्या वेगळी, गती वेगळी

इथं एक घोळ नेहमी होतो. ‘जास्त घेतलं की स्वस्त पडतं’ हे सगळ्यांना माहीत असतं. पण जास्त म्हणजे एकूण जास्त की दरवर्षी जास्त? या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

एकूण संख्येचा फायदा हात बसल्यामुळे होतो. पहिली तोफ जोडताना ड्रॉइंग चारदा बघावं लागतं, नळी उलटी बसते, पुन्हा काढावी लागते. पन्नासाव्या वेळी हात आपोआप चालतो. टी. पी. राइट नावाच्या अमेरिकी विमान इंजिनिअरनं १९३६ साली हे मांडलं. विमानांची संख्या दुप्पट झाली की सरासरी मजुरी ठरावीक टक्क्यांनी घटते. राइटनं ती घट सुमारे २० टक्के धरली होती. पहिल्या विमानाला १,००० तास लागले तर दोन विमानांची सरासरी ८००, चारांची ६४०, आठांची ५१२. सुरुवातीला घट मोठी, नंतर कमी कमी. पहिल्या दहात जेवढं शिकलो तेवढं नव्वदाव्या ते शंभराव्यात शिकत नाही.

गतीचा फायदा वेगळा. तो ठरावीक खर्च जास्त नगांवर पसरल्यामुळे, कच्चा माल मोठ्या लॉटमध्ये घेतल्यामुळे आणि माणूस-मशीन रिकामं न बसल्यामुळे होतो. अंदाज बांधणारे तज्ज्ञ म्हणून सूत्रात दोन आकडे वेगळे ठेवतात. आजवर एकूण किती नग झाले हा एक, आणि वर्षाला किती निघतात हा दुसरा.

पण कागदावर वेगळे ठेवलेले हे दोन आकडे प्रत्यक्षात एकमेकांत गुंतलेले असतात. हजिऱ्याचंच बघा. पहिल्या करारात वेळापत्रक होतं १०, ४०, ५०. म्हणजे एकूण संख्याही वाढत होती आणि गतीही वाढत होती. समजा त्या काळात तोफेमागचा खर्च घटला. मग तो हात बसल्यामुळे घटला की गती वाढल्यामुळे? दोन्ही एकदमच वाढत असताना ते सांगता येत नाही. संख्या वाढतेय पण गती कमी झालीय, असा काळ आला तरच दोघांची फारकत होते.

चूक इथंच होते. सगळी घट ‘हात बसला’ म्हणून मोजली तर पुढच्या १०० तोफा आणखी स्वस्त पडतील असा अंदाज निघतो. प्रत्यक्षात पुढची ऑर्डर निम्म्या गतीची निघाली की तो अंदाज कोसळतो. मग वर्तमानपत्रात मथळा येतो, ‘खर्च वाढला’. खर्च वाढलेला असतोच, पण आधीचा अंदाजही चुकीच्या कारणावर उभा असतो.

मग पळवा की कारखाना फुल्ल!

तसंही नाही. प्रत्येक लाइनची एक सोयीची गती असते. त्यापुढे गेलं की ओव्हरटाइम सुरू होतो, तिसरी पाळी लागते, नवशिके हात येतात, खराब माल वाढतो, सप्लायर घाईचा जादा भाव मागतो. वरच्याच उदाहरणात ३० ऐवजी वर्षाला ४५ तोफा काढल्या तर ठरावीक खर्च तोफेमागे ६ कोटी ७० लाखांवर येतो. पण घाईमुळे बाकीचा खर्च ३०वरून ३६ कोटींवर गेला तर एकूण ४२ कोटी ७० लाख. म्हणजे ३०च्या गतीपेक्षा महागच. आलेख काढला तर तो खोलगट थाळीसारखा दिसतो. हळू गेलं तर महाग, फार पळवलं तरी महाग, मधे एक सपाट भाग.

याचं ताजं उदाहरण तोफगोळ्यांचं आहे. युक्रेन युद्ध सुरू झालं तेव्हा अमेरिकेत १५५ मिलिमीटरचे गोळे महिन्याला सुमारे १४ हजार निघत होते. नंतर लक्ष्य ठेवलं गेलं महिन्याला एक लाखाचं. युरोपातही सगळे देश एकदम त्याच मोजक्या कारखान्यांच्या दारात उभे राहिले. २०२३मध्ये नाटोचे वरिष्ठ लष्करी अधिकारी ॲडमिरल रॉब बाऊअर यांनीच सांगितलं की एका गोळ्याचा भाव २,००० युरोंवरून ८,००० युरोंवर गेलाय. वर्षानुवर्षं कमी ऑर्डर देऊन कारखाने बारीक करून ठेवायचे आणि लढाई आली की एकदम पळवायचं, याची ही किंमत.

आपल्या वरणगाव आणि भुसावळच्या आयुध निर्माणीतल्या जुन्या कामगारांना हे चढउतार पाठ आहेत. काही वर्षं ओव्हरटाइम, काही वर्षं काम नाही. १ ऑक्टोबर २०२१पासून देशातल्या ४१ आयुध निर्माण्या सात सरकारी कंपन्यांत वाटल्या गेल्या. वरणगाव म्युनिशन्स इंडियाकडे गेली, भुसावळ यंत्र इंडियाकडे. पाटी बदलली, पण काम किती आणि किती नियमित येणार हा प्रश्न तसाच राहिला.

लाइन थांबली की काय होतं?

आता हजिऱ्याकडे परत येऊ. १००वी तोफ फेब्रुवारी २०२१मध्ये गेली. पुढचा करार डिसेंबर २०२४मध्ये झाला. मधे तीन वर्षं दहा महिने.

एवढ्या काळात कारखान्याचं काय होतं? यंत्रं झाकून ठेवता येतात, माणसं नाही. चांगला वेल्डर, चांगला फिटर दुसरीकडे जातो, रिफायनरीत, जहाजबांधणीत, आखाती देशात. त्याच्या हातातलं कसब त्याच्याबरोबर जातं. छोट्या सप्लायरचं तर आणखी अवघड. पहिल्या करारात एका तोफेला लागणारे १३ हजारांहून अधिक प्रकारचे भाग देशातच बनवायचे होते. त्यासाठी गुजरात, महाराष्ट्र, कर्नाटक, तमिळनाडूतले सुमारे एक हजार पुरवठादार जोडले गेले. यातल्या एखाद्या वीस माणसांच्या वर्कशॉपनं चार वर्षं ऑर्डरची वाट बघत बसायचं कसं? तो दुसरं काम धरतो, किंवा मशीन विकतो. पुन्हा ऑर्डर आली की नवा माणूस शोधा, नमुना तपासा, मंजुरी द्या. हे सगळं पैशात मोजलं जातं.

हजिऱ्याच्या बाबतीत एक जमेची बाजू होती. याच संकुलात डीआरडीओबरोबर ‘झोरावर’ या हलक्या रणगाड्याचं काम चाललं. ६ जुलै २०२४ रोजी डीआरडीओचे प्रमुख समीर कामत यांनी तो हजिऱ्यातच पाहिला. त्यामुळे दिवे अगदी विझले नाहीत. पण एक-दोन नमुने बनवणं म्हणजे महिन्याला चार तोफा काढणं नव्हे.

लाइन पार बंद झाली की काय होतं याचा धडा अमेरिकेच्या एफ-२२ विमानात आहे. सुरुवातीला ७५० विमानांचा विचार होता, शेवटी १८७वर काम थांबवलं. नंतर तिथल्या संसदेनं विचारलं, पुन्हा सुरू केली तर? २०१७मध्ये हवाई दलाचं उत्तर आलं. १९४ विमानांसाठी सुमारे ५० अब्ज डॉलर. त्यातले जवळपास १० अब्ज तर फक्त लाइन पुन्हा उभी करण्याचे. प्रस्ताव तिथंच संपला.

उलट उदाहरण आपल्याच तोफेच्या थोरल्या बहिणीचं. कोरियात के-९ची लाइन कधी थंड पडली नाही. कारण स्वतःच्या सैन्याबरोबर तुर्की, फिनलंड, नॉर्वे अशा देशांचं कामही मिळत गेलं. पोलंडनं ऑगस्ट २०२२मध्ये २१२ तोफांचा करार केला आणि पहिल्या तोफा डिसेंबर २०२२मध्ये तिथं पोचल्यासुद्धा. चार महिन्यांत!

तर ४५चे ७६ कसे झाले?

आता हिशेब जुळवू. वेगवेगळ्या वर्षांचे रुपये थेट तोलायचे नाहीत, हा पहिला नियम. मे २०१७ ते डिसेंबर २०२४ म्हणजे साडेसात वर्षं. वर्षाला ५ टक्के महागाई धरली तर ४५ कोटींचे जवळपास ६५ कोटी होतात. म्हणजे ३१ कोटींच्या फरकातले सुमारे २० कोटी केवळ काळानं खाल्ले. हा आपला ढोबळ हिशेब आहे. महागाई ४ किंवा ६ टक्के धरली तर आकडा मागेपुढे सरकेल.

उरलेल्या ११ कोटींत चार गोष्टी बसतात.

एक, डॉलर. २०१७मध्ये डॉलर ६४-६५ रुपयांना होता, डिसेंबर २०२४मध्ये ८५च्या घरात. दुसऱ्या करारासाठी एल अँड टीनं एप्रिल २०२५मध्ये हान्वाशी सुमारे २५ कोटी ३० लाख डॉलरचा करार केला. रुपयांत २,१००-२,२०० कोटी, म्हणजे एकूण रकमेच्या चौथ्या हिश्श्याहून जास्त. तेवढ्या भागावर रुपया घसरल्याचा थेट भार पडतो.

दोन, तोफेतले बदल. पहिल्या तोफा वाळवंटासाठी घेतल्या होत्या. २०२०मध्ये चीनशी तणाव वाढल्यावर त्यातल्या काही लडाखला न्याव्या लागल्या. कडाक्याच्या थंडीत इंजिन, बॅटरी, वंगण सगळ्याची वेगळी तयारी लागते. नव्या तुकडीत उंच डोंगराळ भागाचा विचार आधीपासूनच आहे.

तीन, मधला खंड. त्याबद्दल वर सांगितलंच.

चार, गती. संरक्षण मंत्रालयानं दुसऱ्या करारावेळी सांगितलं की या कामातून चार वर्षांत नऊ लाखांहून अधिक मनुष्यदिवसांचा रोजगार मिळेल. १०० तोफा चार वर्षांत सारख्या वाटल्या तर वर्षाला २५. पहिल्या करारातल्या शेवटच्या १३ महिन्यांची गती होती वर्षाला ४५. म्हणजे जवळपास निम्मी. शेड तेच, यंत्रं तीच, पण प्रत्येक तोफेच्या खांद्यावर ठरावीक खर्चाचं ओझं जास्त. झोरावरसारखं दुसरं काम त्याच छपराखाली आलं तर ते ओझं वाटलं जाईल, नाहीतर नाही.

वर म्हटलं तो ‘फारकती’चा काळ हाच. संख्या १०१ ते २०० अशी चढत जाणार आणि गती मात्र उतरलेली. हात बसल्यानं किती वाचतं आणि गती गेल्यानं किती जातं, हे आता वेगळं मोजता येईल. पुढच्या खरेदीचा अंदाज बांधणाऱ्यांसाठी ही माहिती सोन्यासारखी आहे. अट एकच, ती नीट नोंदवून ठेवली पाहिजे.

नाशिकचं विमान आणि सगळ्यात हळू पुरवठादार

गती म्हणजे फक्त मुख्य कारखान्याची गती नव्हे. आपल्या शेजारच्या ओझरचं उदाहरण घ्या. एचएएलच्या नाशिक कारखान्यात वर्षाला आठ तेजस विमानं बनवणारी नवी लाइन उभी राहिली. बेंगळुरूच्या दोन लाइन धरून क्षमता २४वर गेली. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी नाशिकमध्ये बनलेलं पहिलं तेजस मार्क-१ए उडालं.

पण विमानाला इंजिन लागतं आणि ते अमेरिकेच्या जीई कंपनीकडून येतं. २०२१मध्ये ९९ इंजिनांचा करार झाला. पहिलं इंजिन हातात पडलं मार्च २०२५मध्ये. क्षमता २४ असो की ४०, इंजिन आलं नाही तर विमान हँगरमध्येच उभं. तोवर शेडचा खर्च चालूच असतो. बैलगाडीला चार बैल जुंपले तरी ती सगळ्यात हळू चालणाऱ्या बैलाच्या चालीनंच जाते. म्हणून अंदाज करताना ‘कारखान्याची क्षमता किती’ हे विचारून भागत नाही. ‘सगळ्यात अडखळणारा भाग कुठून येतो आणि महिन्याला किती येतो’ हे विचारावं लागतं.

कंपनी म्हणते ते सगळं खरं का?

इथं एक सावधगिरी हवी. गतीचा मुद्दा खरा आहे, पण तो सौदा करतानाही वापरता येतो. ‘ऑर्डर वाढवा, नाहीतर भाव वाढेल’ असं विकणारा म्हणणारच. त्यातून तोफ बनवणारा देशात एकच असेल तर तुलना करायला दुसरा भावच नसतो. ४५चे ७६ झाले त्यातलं किती खर्चानं झालं आणि किती सौद्याच्या ताकदीनं, हे फक्त हिशेब उघडून बघितल्यावरच कळतं. म्हणून सरकारच्या वाटाघाटी समितीला आपला स्वतंत्र अंदाज आधी बांधून ठेवावा लागतो. मागच्या तुकडीत खरोखर किती तास लागले, ठरावीक खर्च किती, तो इतर कोणत्या कामावर वाटला गेला, हे कागद मागावे लागतात. ते नसतील तर कंपनीचा आकडा हाच अंदाज होऊन बसतो.

उलट बाजूनं सरकारचंही तसंच. ऑर्डर तुकड्या-तुकड्यांत द्यायची, मधे चार वर्षं गप्प बसायचं आणि वर ‘भाव का वाढवला’ म्हणून विचारायचं, हेही न्यायाचं नाही. पहिल्या करारातच पुढच्या तोफा ठरल्या भावानं घेण्याचा पर्याय ठेवणं आणि तो मुदतीत वापरणं, किंवा पहिली तुकडी संपायच्या आत दुसरी मंजूर करणं, एवढ्यानंसुद्धा बराच पैसा वाचतो. अर्थात गरज नसताना लाइन चालू ठेवण्यासाठी तोफा घेत राहणं हाही उपाय नाही. २०२५-२६च्या बजेटमध्ये सैन्याच्या नव्या खरेदीसाठी, म्हणजे भांडवली खर्चासाठी १ लाख ८० हजार कोटी होते. त्यात विमानं, जहाजं, पाणबुड्या, तोफा सगळे वाटेकरी. एका लाइनला पूर्ण गती दिली तर दुसरीची कमी होते. खरा निर्णय इथं असतो, आणि तो अवघड असतो.

आपल्या माणसांना याचं काय?

नऊ लाख मनुष्यदिवस ऐकायला मोठं वाटतं. चार वर्षांनी भागा, वर्षाला सव्वादोन लाख. वर्षात ३०० कामाचे दिवस धरले तर रोज ७५० माणसांना काम. यात पुरवठादारांकडचे हातही आले. हा रोजगार चार वर्षं सलग मिळाला तर आयटीआय करून हजिऱ्याला जाणारा तळोदा-शहाद्याचा मुलगा तिथं पक्का कारागीर होतो. दोन वर्षं घाईघाईत आणि मग बंद असं झालं तर तोच मुलगा कंत्राटावर येतो आणि कंत्राट संपलं की घरी. गती स्थिर असणं म्हणजे फक्त दिल्लीचा पैसा वाचणं नव्हे. कसब गावात टिकणं तिच्यावरच अवलंबून आहे.

आणि करदाता म्हणून आपण सगळेच त्यात आहोत. तोफेमागे १० कोटी वाचले तर १०० तोफांत हजार कोटी.

पुढची बातमी वाचताना

झोरावर रणगाड्यांची मोठी ऑर्डर निघेल, ओझरहून आणखी विमानं उडतील, तेव्हा पुन्हा ‘इतक्या हजार कोटींचा करार’ असे मथळे येतील. तेव्हा नुसता भागाकार करून थांबू नका. एवढं बघा :

• रक्कम कोणत्या वर्षाच्या रुपयांत आहे, आणि त्यात सुटे भाग, दुरुस्ती, प्रशिक्षण धरलंय का?

• एकूण किती नग, आणि ते किती वर्षांत? म्हणजे वर्षाला किती?

• मागची तुकडी कधी संपली? मधे किती खंड पडला?

• त्याच छपराखाली दुसरं काम आहे का?

• परदेशातून येणारा, अडकू शकणारा भाग कोणता?

या पाच प्रश्नांची उत्तरं मिळाली तर किंमत वाढली म्हणून लगेच बोंब मारायची की नाही, हे आपलं आपल्यालाच ठरवता येईल. आणि उत्तरं द्यायला कुणीच तयार नसेल, तर बोंब मारायला तेवढं कारण पुरेसं आहे.